ल्युकेमियाच्या पिल्लाबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

मांजरं पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय, आणि तो पाठवणारे लोक मांजरांवर जीव टाकणारेच आहेत म्हणून मला जास्त त्रास झाला. थोडक्यात मेसेज असा: पिल्लाची ल्युकेमियाची म्हणजे एफईएलव्ही या मांजरांच्या ल्युकेमिया विषाणूची टेस्ट पॉझिटिव्ह आली की ते महिन्याभरात जातंच, विषाणू घरात वर्षभर राहतो, बाकीची सगळी मांजरं एकामागून एक मरतात, घरातल्या लहान मुलांना पण रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो, म्हणून एकतर मरणाचं इंजेक्शन देऊन पिल्लाला सोडवा नाहीतर मच्छीमार्केटला नेऊन सोडा. आणि ज्यांच्याने दोन्ही होत नाही त्यांनी कडुनिंब, हळद आणि लसणाचा रस पाजा, शंभर टक्के गुण येतो. यावर चिडून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात की काही होत नाही, सगळ्यांना एकत्रच ठेवा, प्रेमाने सगळं बरं होतं. मला दोन्ही पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी एक गोष्ट मान्य करू, ही भीती हवेतून आलेली नाहीये. १९६४ मध्ये स्कॉटलंडला ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू शोधला, आणि त्याची सुरुवातच अशी झाली की एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना लिम्फोमा नावाचा कॅन्सर होत होता. म्हणजे जास्त मांजरांच्या घराला धोका आहे हे पहिल्या दिवसापासून माहिती आहे. पुढे १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम हार्डींनी रक्ताची टेस्ट आणली आणि तेव्हाचा सल्ला जवळपास या मेसेजसारखाच होता, टेस्ट करा आणि पॉझिटिव्ह निघालेलं मांजर घरातून काढा. पण तेव्हा लस नव्हती, ती अमेरिकेत १९८५ ला आली, आणि पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येक मांजराचं पुढे एकच होत नाही हेही आजच्याइतकं स्पष्ट नव्हतं. आज मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटना स्पष्ट सांगतात की फक्त टेस्ट पॉझिटिव्ह आली एवढ्या कारणावरून मांजराला मारू नये.

"पॉझिटिव्ह म्हणजे महिन्याभरात मरणार."

नाही. आणि मुळात ती एक टेस्ट म्हणजे शेवटचा शब्द नाही. क्लिनिकमध्ये जी पट्टीची किट वापरतात ती रक्तातलं पी२७ नावाचं विषाणूचं प्रोटीन शोधते. ती चांगली टेस्ट आहे पण चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते, विशेषतः पिल्लू एकदम ठणठणीत असेल आणि सहज म्हणून टेस्ट केली असेल तेव्हा. त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या किटवर परत बघायचं किंवा रक्त लॅबला पाठवून पीसीआर करायची, आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा टेस्ट करायचीच. पट्टीवर दुसरी रेघ उमटली म्हणून त्याच टेबलावर इंजेक्शन द्यायला तयार होऊ नका, व्हेटला सरळ सांगा की मला कन्फर्म करायचंय. पण तोपर्यंत पिल्लाला पॉझिटिव्ह समजूनच वेगळं ठेवायचं, त्यात तडजोड नको.

दुसरी टेस्ट कशासाठी, तर विषाणू अंगात शिरल्यावर गोष्टी वेगवेगळ्या वाटेने जातात. काही मांजरं त्याला सुरुवातीलाच हाकलून देतात. काहींमध्ये तो रक्तात येतो, टेस्ट पॉझिटिव्ह येते, पण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शरीर त्याला दाबून टाकतं आणि टेस्ट निगेटिव्ह होते, विषाणूचा अंश पेशींमध्ये राहतो पण अशी बरीच मांजरं पुढे नॉर्मल आयुष्य जगतात. आणि काहींमध्ये तो रक्तात कायमचा राहतो. ही शेवटची वाट खरंच वाईट आहे, आणि लहान पिल्लांमध्ये तीच जास्त दिसते कारण त्यांची प्रतिकारशक्ती तयार व्हायची असते. कायम पॉझिटिव्ह राहिलेली बहुतेक मांजरं निदानानंतर साधारण तीन वर्षांच्या आत जातात, पिल्लं कधीकधी त्याहून लवकर. मी हे गोड करून सांगणार नाही. पण महिना आणि तीन वर्षं यात फार मोठा फरक आहे, आणि त्यातला बराचसा काळ पिल्लू खातं, खेळतं, पडद्यावर चढतं, उन्हात लोळतं. त्याला आपण आजारी आहोत हे माहितीही नसतं.

इंजेक्शनचा निर्णय कधीच घ्यायचा नाही असंही मी म्हणत नाहीये. श्वास घेता येत नाही, खाणं पूर्ण सुटलंय, रक्त चढवूनही हिमोग्लोबिन टिकत नाहीये अशी वेळ आली की त्याला त्रासातून सोडवणं हे प्रेमच आहे. पण तो निर्णय पिल्लाची अवस्था बघून व्हेटबरोबर बसून घ्यायचा असतो.

"विषाणू घरात वर्षभर राहतो."

इथे दोन आजारांची सरमिसळ झालीये. वर्षभर घरात टिकणारा, चपलेला चिकटून घरी येणारा विषाणू पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या दुसऱ्या आजाराचा, तो पार्वो जातीचा आहे आणि साध्या साबणाला दाद देत नाही. ल्युकेमियाचा विषाणू त्याच्या अगदी उलटा, अंगाबाहेर फार तर काही तास टिकतो, सुकला की संपतो, साबण आणि डिटर्जंटने मरतो. भांडी साबणाने घासा, अंथरूण मशीनला लावा, लादी डिटर्जंटच्या पाण्याने पुसा, झालं. आणि कृपा करून डेटॉल आणि फिनेल ओतत बसू नका. फिनॉल जातीची रसायनं मांजराचं लिव्हर नीट पचवू शकत नाही, आणि मांजर ओल्या लादीवर चालून आपलेच पंजे चाटतं. घाबरून घर धुवायच्या नादात लोक सगळ्याच मांजरांना विष घालतायत.

"बाकीची सगळी मांजरं मरतात."

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण घरात अजून दोन-चार मांजरं असली की रात्री झोप उडते ती याच वाक्याने. हा विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. एकमेकांना चाटणं, एका वाटीतून खाणं-पिणं, चावे, शिवाय आईच्या पोटातून आणि दुधातून. लघवीत आणि विष्ठेतही असतो म्हणून लिटर बॉक्स पण वेगळा. पण हवेतून खोली ओलांडून दुसऱ्या मांजरापर्यंत तो पोचत नाही. मोठ्या निरोगी मांजरांना पिल्लांपेक्षा तो कमी लागतो, पूर्ण सुरक्षित मात्र कोणीच नाही.

म्हणजे खरं काम एवढंच की एक दार बंद राहिलं पाहिजे. वन बीएचकेवाले म्हणतील खोली कुठून आणू, तर बेडरूम द्या, ते शक्य नसेल तर मोठा दोन-तीन मजली पिंजरा घ्या आणि तो अशा जागी ठेवा की बाहेरच्या मांजराचं नाक जाळीला लागणार नाही, कारण जाळीतून एकमेकांना चाटलं तर वेगळं ठेवून उपयोग काय. जाळी मारलेली बाल्कनी असेल तर पाळीपाळीने सोडा, मधे वाट्या उचला आणि लादी पुसा. पिल्लाच्या वाट्या, लिटरचं खोरं, ब्रश, टॉवेल सगळं त्याचं वेगळं. हात साबणाने जाताना पण धुवायचे आणि येताना पण, कारण धोका दोन्ही बाजूंनी आहे. तुमच्या मोठ्या बोक्याला जी साधी सर्दी आहे ती या पिल्लाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, सगळे बाकीच्यांना पिल्लापासून वाचवायला बघतात आणि पिल्लाला बाकीच्यांपासून वाचवायचं राहून जातं.

रिपोर्ट यायच्या आधीच सगळे एकत्र खेळलेत, एकत्र झोपलेत असं असेल तरी हातपाय गाळू नका. आजपासून वेगळं करा, घरातल्या प्रत्येक मांजराची टेस्ट करा, आणि जे निगेटिव्ह आलेत त्यांची शेवटच्या संपर्कानंतर निदान महिन्याने पुन्हा करा, कारण लागण होऊन टेस्ट पॉझिटिव्ह यायला तेवढा वेळ लागू शकतो. एकाच वेताची भावंडं असतील तर प्रत्येकाची वेगळी टेस्ट, एकाच्या रिपोर्टवरून दुसऱ्याचं ठरवायचं नाही.

आणि लस. बरेचजण म्हणतात आमच्या सगळ्यांना लस झालीये, पण आपल्याकडे नेहमी देतात ती ट्रायकॅट नावाची लस पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंसाठी आहे, ल्युकेमियाची त्यात नसते. ती वेगळी मागावी लागते, तुमच्या भागात मिळते का ते व्हेटला विचारा. निगेटिव्ह मांजरांना तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि वर्षाने बूस्टर असतो. पॉझिटिव्ह पिल्लाला तिचा उपयोग नाही. आणि लस दिली म्हणून दार उघडायचं नाही, ती शंभर टक्के नाही.

आता "काही होत नाही, एकत्र ठेवा" वाल्यांना. तुमच्या घरी वर्षभर एकत्र राहून कोणाला काही झालं नाही हे मी खोटं म्हणत नाही, मोठ्या मांजरांमध्ये असं होतं. पण ते दुसऱ्याला सल्ला म्हणून देऊ नका, त्याच्या घरी सहा महिन्यांचं दुसरं पिल्लू असू शकतं. पिल्लू एकटं पडतं, रडतं, हे बघवत नाही हे मला कळतं. त्याला माणूस द्या. त्याच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करा, झोपायच्या आधी दोरीने दमवून सोडा, खिडकीपाशी उंच जागा करा. दुसरं कन्फर्म पॉझिटिव्ह मांजर कोणाकडे एकटं असेल तर दोघं एकत्र राहू शकतात.

"लहान मुलांना रक्ताचा कॅन्सर होतो."

नाही होत. ही भीती सुरुवातीच्या काळातली आहे, प्रयोगशाळेत या विषाणूचे काही प्रकार माणसाच्या पेशींमध्ये वाढलेले दिसले होते, म्हणून मांजरं पाळणारे आणि व्हेट यांच्यावर अभ्यास झाले आणि माणसाला याची लागण होते असं काही सापडलं नाही. कुत्र्यालाही होत नाही. काळजी घ्यायची ती दुसऱ्या गोष्टींची, कमकुवत पिल्लाला गजकर्ण लवकर होतं आणि ते मुलांना लागू शकतं, आणि घरात कोणी गरोदर असेल तर लिटर दुसऱ्याने रोजच्या रोज साफ करावा.

"कडुनिंब, हळद आणि लसणाचा रस."

लसूण आणि कांदा मांजराला विष आहे, कच्चा असो, शिजवलेला असो, रस असो. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आणि ल्युकेमियात मांजर बऱ्याचदा मुळातच ॲनिमियाने हैराण असतं, कारण हा विषाणू हाडाच्या मगजात जाऊन रक्त बनायचं थांबवतो. म्हणजे ज्याच्यात रक्त कमी आहे त्याचंच उरलेलं रक्त आपण "औषध" म्हणून फोडतोय. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने मांजराच्या व्हेटला एक फोन करायला हवा होता. कडुनिंब आणि हळदीने हा विषाणू जातो याला काहीही पुरावा नाही. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर अजिबात नको, तिने मांजर मरतं. आणि ताप म्हणजे काय तेही बघा, मांजराचं नॉर्मल तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हिशोबाने मोजू नका.

विषाणू घालवणारं औषध आज नाही, पण करण्यासारखं भरपूर आहे. कच्चं चिकन, कच्चे मासे बंद, शिजवून द्या, त्यातले साल्मोनेला आणि टॉक्सोप्लाझ्मा हे जंतू या पिल्लाला झेपणार नाहीत. पिसवांचं औषध नियमित, कारण हिमोप्लाझ्मा नावाचा रक्तातला जंतू पिसवांतून पसरत असावा असं मानतात आणि त्याने होणारा ॲनिमिया लोक ल्युकेमियाचा समजून हात टेकतात, खरं तर त्याला डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकने उतार पडतो. ती गोळी दिल्यावर लगेच पाणी किंवा थोडं खाणं द्या, कोरडी अडकली तर अन्ननलिका भाजते. योग्य वयात नसबंदी करा, बाहेर सोडू नका, दर सहा महिन्यांनी व्हेटकडे तपासणी आणि वर्षातून निदान एकदा रक्त तपासा. घरी दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा, वाढत्या पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं, थांबलं की तेव्हाच निघा. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, तर सकाळची वाट बघायची नाही.

"मच्छीमार्केटला सोडून या."

यावर मला सगळ्यात जास्त राग आहे. घरात एका बंद दारामागे ज्याच्यापासून कोणालाच धोका नव्हता ते पिल्लू तुम्ही डझनभर मांजरांच्या मधे नेऊन सोडणार, जिथे सगळी एकाच ठिकाणी खातात आणि एकमेकांना चावतात. पसरवायचंच असेल तर याहून चांगला मार्ग नाही. आणि पिल्लू तिथे उपाशी किंवा साध्या सर्दीने मरेल. शिवाय हा गुन्हा आहे, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात कलम ११ मध्ये प्राण्याला उपासमारीच्या हालात टाकून देणं स्पष्ट लिहिलंय.

खरंच जमत नसेल, घर लहान आहे, पैसे नाहीत, आई-बाबा तयार नाहीत, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. असं घर शोधा जिथे दुसरं मांजर नाही, किंवा आहे ते पण पॉझिटिव्ह आहे. फक्त रिपोर्ट लपवू नका, पिल्लाबरोबर दोन्ही टेस्टचे कागद, वजनाची वही आणि चालू औषधं लिहून द्या, आणि ज्याच्याकडे देताय त्याला तोंडाने सांगा की हे कायम घरातच राहणार, आणि दुसरं मांजर आणायचं झालं तर आधी व्हेटशी बोलून.