रेघ थोडी खाली सरकवा

शेअर घ्यायचा तर कंपनीचा ताळेबंद वाचावा लागतो, असं तुमच्या वडिलांना वाटायचं. म्हणून ते जन्मभर पोस्टात पैसे ठेवत राहिले. तुम्हाला फक्त एक पट्टी लागते, आणि ती ॲपमध्येच मिळते.

कृती सोपी आहे. चार्ट उघडा. भाव ज्या पातळीला दोन-तीनदा डोकं आपटून खाली आलाय, तिथे आडवी रेघ मारा. हा झाला रेझिस्टन्स. भाव रेघेच्या वर गेला की ब्रेकआउट. जात नसेल तर रेघ थोडी खाली सरकवा. तरीही जमेना? दिवसाचा चार्ट सोडून पाच मिनिटांचा लावा, नाहीतर एका मिनिटाचा. त्यावर ब्रेकआउट भज्यांसारखे निघतात, घाण्यावर घाणा.

बाजारातली जुनी खोडं सांगतील की दिवसाचा बंद भाव रेघेवर टिकतोय का ते पाहा, व्हॉल्यूम, म्हणजे शेअरची उलाढाल, रोजच्या सरासरीपेक्षा वाढलाय का ते पाहा, नाहीतर ब्रेकआउट फसवा निघतो. मनावर घेऊ नका. बाजार साडेतीनला बंद होतो. तोवर थांबायचं तर सव्वानऊला लोकलमध्ये एका हाताने कडीला लटकून दुसऱ्या हाताने करायचं काय? शिवाय फसव्या ब्रेकआउटला उगाच नावं ठेवतात. रेघ ओलांडली म्हणून तुमच्यासारखे हजारजण घ्यायला धावतात, तेव्हाच तर कुणाला तरी आपला माल चढ्या भावात गळ्यात मारून घरी जाता येतं. टेलिग्रामवरचे ‘सर’ एखाद्या चिल्लर शेअरखाली ‘ब्रेकआउट आला, घाई करा’ लिहितात, तिथे हे परोपकाराचं काम आधीपासूनच ठरलेलं असतं. तुम्ही फक्त वेळेवर पोचायचं.

थोडे शिकलात की ऑप्शनकडे वळा, म्हणजे शेअर न घेताच, ठरल्या मुदतीत त्याचा भाव कुठे जाईल यावर पैज लावा. लॉगिन करताना मध्येच एक चौकट येईल: फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडरांना निव्वळ तोटा झाला आहे. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२३पासून ती दाखवणं ब्रोकरांना सक्तीचं केलंय. २०२४मध्ये सेबीने पुन्हा हिशेब मांडला, तर तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के लोक तोट्यात आणि तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. असू दे. चौकटीखालचं बटण दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा दाबा, आणि त्या नऊजणांबद्दल दोन सेकंद हळहळा. दहावे तुम्हीच आहात.

या बटणाने अंगठ्याला मात्र फार छान वळण लागतं. संकष्टीचा चंद्रोदय बघायला पंचांगाचं ॲप घेतलंत, त्याने तुमचं ठिकाण विचारलं. रास्तच आहे, चंद्र नागपुरात मुंबईच्या आधी उगवतो. पण तुम्ही ठाण्यात नेमक्या कुठल्या वडापावच्या गाडीपाशी उभे आहात, हे चंद्राला कळून काय उपयोग? फोनमध्ये ‘अचूक ठिकाण’ बंद करून नुसतं अंदाजे ठिकाण देण्याची सोय आहे, आयफोनमध्ये २०२०पासून, अँड्रॉइडमध्ये २०२१पासून. तिकडे फिरकूही नका. ‘नेहमी परवानगी द्या’ दाबा, बाप्पा वाट पाहतोय.

कायद्याची काळजी तर बिलकूल नको. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट, समजून-उमजून, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते. ती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळायची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना पुढे आणखी अठरा महिने दिलेत. अंगठ्याला सवय मोडायची घाई नाही. गंमत म्हणजे त्यात कर्तव्यं तुम्हालाही आहेत: खोटी किंवा फालतू तक्रार केलीत तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. वाचलंत ना? नाही वाचलंत. शाब्बास.

आता खरी विद्या. तुम्ही शेअरच्या भावाच्या रेघा वाचता, तसं तुमच्या फोनमधलं ठिकाण वाचणारेही कुणी आहेत. त्यांच्या चार्टवर शेअर तुम्ही. घर, स्टेशन, ऑफिस, स्टेशन, घर. वर्षानुवर्षं आडवा भाव, बघणाऱ्याला जांभया याव्यात. मग एका मंगळवारी एक्सपायरीत, म्हणजे ऑप्शनची मुदत संपताना, तुमचा लॉट बुडतो आणि तुम्ही दुपारी ऑफिसातून सटकून सोनेतारण कर्जाच्या शाखेत शिरता. तिथे चाळीस मिनिटं बसता. हा ब्रेकआउट! यात फसवं काही नसतं, व्हॉल्यूमही अस्सल, बायकोच्या पाटल्यांचा. संध्याकाळच्या आत फोनवर जाहिराती सुरू: ‘तुमच्या जवळच, पाच मिनिटांत कर्ज.’ कोपऱ्यात फुली असते, मोहरीएवढी. ती दाबायला गेलात की जाहिरातच उघडते आणि विचारते, तुमचं ठिकाण वापरू का?

वापरू द्या, वाद घालत बसू नका. पाटल्यांचे पैसे खात्यात जमा झालेत, तीन वाजून दहा मिनिटं झालीत, आणि भाव रेघेला अजून टेकत नाहीये. रेघ थोडी खाली सरकवा.