किळस नेमकी कुणाची? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. बॉडी हॉरर सिनेमे, म्हणजे शरीराच्याच विद्रूप बदलांतून भीती दाखवणारे सिनेमे, पाळीला आणि वयात येणाऱ्या मुलींच्या शरीराला राक्षसी ठरवून कलंकच वाढवतात, हा पहिला. ‘रबर-जेलीच्या पसाऱ्यात कसला आलाय अर्थ’ हा दुसरा.

पहिल्यासाठी ब्रायन डी पाल्माच्या ‘कॅरी’ची (१९७६) सुरुवात घ्या. मुलींच्या स्नानगृहात कॅमेरा चक्क रेंगाळत फिरतो. तिथे तुमचा राग रास्तच आहे. पण मग कॅरीला पाळी येते. हे काय असतं ते तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती घाबरून रक्ताळलेले हात पुढे करत मदत मागते आणि बाकीच्या मुली तिच्यावर टॅम्पॉन फेकत ओरडत सुटतात. अंगावर येतो तो हा घोळका. पुढे मुख्याध्यापकांच्या खोलीत बघा: शिक्षिकेच्या शॉर्ट्सवर रक्ताचा डाग आहे, साहेबांची नजर तिथे अडखळते आणि मुलीचं नाव मात्र ते परत परत चुकवतात. शेवटी कॅरीलाच संहारक केलंय, हे मान्य.

‘जिंजर स्नॅप्स’मध्ये (२०००) जिंजरची पहिली पाळी आणि तिला नरलांडग्याचा (लांडगा झालेल्या माणसाचा) चावा एकाच रात्री. नको तिथे केस, वेदना. दोघी बहिणी शाळेच्या नर्सकडे जातात, तर ती हसतमुखाने सांगते, हे सगळं नॉर्मल आहे! इथे हसं होतं ते नर्सचं, मुलीचं नाही.

आता रबर. कातडी फुगताना दाखवायची तर नकली कातडीखाली पातळ रबरी पिशवी ठेवतात आणि फ्रेमबाहेर नेलेल्या नळीतून हवा भरतात. कातडीची कड निमुळती होत संपायला हवी. जाड राहिली तर सावलीची रेघ पडते आणि प्रेक्षक हसतो. जिलेटिनला खऱ्या कातडीची झाक येते, पण दिव्यांच्या उष्णतेने ते पाघळतं. म्हणून असे शॉट तुकड्यातुकड्यांत घेतात आणि मध्ये एखादा चेहरा घालतात. कुणाचा, त्यावर सगळं अवलंबून. फुगणाऱ्या हातानंतर तिचेच डोळे दिसले तर आपण तिच्या भीतीत शिरतो. बघणाऱ्यांची वाकडी तोंडं दिसली तर आपणही घोळक्यात जाऊन बसतो. तुमचा आक्षेप या दुसऱ्या जातीच्या सिनेमांना तंतोतंत लागू आहे, आणि ते काही थोडे नाहीत.

खात्री करायची तर तेच दृश्य आवाज बंद करून बघा. हाडं मोडल्याचा आवाज पुष्कळदा सेलरी या भाजीचे कुरकुरीत दांडे मोडून काढलेला असतो. तो गेला की उरलेली किळस शरीरातून येतेय की शेजारच्या तोंडांवरून, ते वेगळं काढता येतं.