पोचा आणि वरवंटा

सोसायटीच्या गेटचा खांब अकरा वर्षं एकाच जागी उभा आहे. तरी त्या रात्री तो मला दिसला नाही. डावं मडगार्ड आत गेलं. पोचा एवढा, की पोह्यांची ताटली आरामात बसली असती.

विम्याचा क्लेम टाकायचा नव्हता. सलग पाच वर्षं क्लेम न करून गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट कमावली होती. एक क्लेम केला की ती शून्यावर. मिळालेली सूट सोडून दिल्याचं आमच्या घराण्यात उदाहरण नाही.

आधी उकळतं पाणी. मोबाइलवर एका माणसाने ते ओतून पोचा टुणकन बाहेर काढला होता. मी दोन पातेली ओतली. त्याचा बंपर प्लास्टिकचा होता, गरम पाणी लागलं की मऊ पडणारा, हे नंतर कळलं. माझ्या पोलादी पत्र्याची फक्त आंघोळ झाली. मग मोरीचा रबरी पंप. पोच्याला मधोमध घडी पडलेली, त्यामुळे तो चिकटेचना. चिकटला तेव्हा असा सुटला, की मी थेट तुळशीच्या कुंडीत.

रविवारी मात्र शास्त्रशुद्ध सुरुवात केली. डेंटर पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरतात, त्याला ते डॉली म्हणतात, आणि बाहेरून हातोडी मारतात. माझ्याकडे डॉली नव्हती. आईचा वरवंटा होता. चाकाच्या कमानीतून खांद्यापर्यंत हात घातला, वरवंटा टेकवला आणि दे दणादण. वॉचमन टॉर्च धरून उभा. दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीतून "जरा डावीकडे" करत होते. कोणाचं डावीकडे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तासाभराने पोचा वर आला, पण थांबेना! पत्रा जेमतेम मिलिमीटरभरही जाड नसतो. ठोकून ठोकून तो ताणला जातो आणि पसरायला जागा नसली की फुगतो. दाबला की टक्क आत, सोडला की टुक्क बाहेर, गोडेतेलाच्या डब्याच्या बुडासारखा. वर हातोडीच्या चंद्रकोरी, शेकड्यांनी.

"अरे, माझा वरवंटा कुठाय?" वरून आईची हाक.

"मडगार्डात!"

वर बराच वेळ शांतता.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या डेंटरला बोलावलं. त्याने पत्र्यावरून बोटं फिरवली. "साहेब, यातलं खांबाचं किती आणि तुमचं किती?"

मी गप्प.

"हे मडगार्ड बोल्टवर असतं. खोलून दुसरं लावलं असतं." मग पुन्हा एकदा बोटं फिरवून म्हणाला, "टाकी मात्र झकास लावलीय. चटणी वाटता येईल."

आई तोवर खाली आली होती. तिने चष्मा लावून मडगार्ड नीट पाहिलं.

"मग माझ्या पाट्यालाही लावून दे," ती मला म्हणाली. "टाकीवाल्या बाया हल्ली येतच नाहीत."