तार ताणणारा अज्ञात इसम

मुलगी नीटच्या तयारीला लागल्यापासून आमच्या घरात एका अज्ञात इसमाचा वावर सुरू झाला आहे. भौतिकशास्त्राच्या प्रश्नसंचात मुक्काम ठोकून बसलेला हा गृहस्थ कधी दोन प्रभारांमधले अंतर निम्मे करतो, कधी उपग्रह उचलून दुप्पट लांब ठेवतो आणि काहीच सुचले नाही तर तार ताणत बसतो. परिणाम काय झाला, ते मात्र आपण सांगायचे.

तारेचा प्रश्न मी हौसेने मागून घेतला, कारण मजूर वाढले की दिवस कमी लागतात, एवढी व्यस्त प्रमाणाची शिदोरी शाळेपासून माझ्याजवळ होती. तार ताणून तिची त्रिज्या निम्मी केली, तर तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, किती पट होईल? पर्याय २, ४, ८ आणि १६. रोध काटछेदाच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात आणि क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात, तेव्हा चौपट, असे म्हणण्याचा मोह कोणालाही व्हावा. प्रश्नकर्त्याने ४ चा पर्याय त्या मोहासाठीच मांडून ठेवलेला असतो. पण ताणलेल्या तारेचे आकारमान तेवढेच राहते, त्यामुळे काटछेद एक चतुर्थांश झाला की लांबी मुकाट्याने चौपट होते आणि रोध सोळापट. म्हणजे त्रिज्येचा घात उणे चार! मजुरांच्या गणितात असा दगाफटका नव्हता. तिथे मजूर वाढले म्हणून भिंत लांब होत नसे.

उण्याचे प्रकरण त्याहून अवघड. उभी हयात बँकेत गेल्यामुळे उणे म्हणजे देणे, हे माझ्या हाडीमाशी खिळले आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ९.१ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलोग्रॅम, हे वाचून मी त्याला थकबाकीदारांतच धरले.

"बाबा, ते शून्याच्या खाली नाहीये, एकाला दहाने एकतीस वेळा भागलंय," मुलगी म्हणाली.

इतक्या वेळा भागूनही शिल्लक उरणारे खाते मी कधी पाहिलेले नाही.

पुढे या इलेक्ट्रॉनला सेकंदाला दहा लाख मीटर वेगाने पळवून त्याची तरंगलांबी काढायची होती. त्यासाठी प्लांकच्या स्थिरांकाला वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराने भागायचे. स्थिरांकाचा घात उणे ३४. छेदातला उणे ३१ वर येताना अधिक होतो आणि वेगाचा अधिक ६ वर येताना उणे. उत्तर ७.३ गुणिले १० चा उणे १० वा घात मीटर. त्या सहाचे चिन्ह बदलायचे राहिले, तर त्याच इलेक्ट्रॉनची लाट सुमारे पाऊण किलोमीटर लांब, म्हणजे आमच्या दारापासून रिक्षा स्टँडपर्यंत पोहोचते, आणि याचे नवल वाटण्याऐवजी मुले ती पर्यायांत शोधतात. दुर्दैवाने ती तिथे असतेही.

हे सारे गणकयंत्राविना करायचे आणि १८० प्रश्नांना मिनिटे १८०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १. हा उणे कोणाच्या डोक्यावर चढून बसत नाही की वर-खाली करताना चिन्ह बदलत नाही. तो सरळ खात्यातून वजा होतो. साऱ्या प्रश्नसंचात एवढा एकच उणे मला पहिल्या भेटीत ओळखता आला.