लहान गटाची सहल महाग का वाटू नये

‘मोबाइलवर सगळी माहिती मिळते, मग मार्गदर्शकासह पंधराजणांच्या सहलीला जादा पैसे कशाला?’ हा लेणी-किल्ल्यांच्या सहलींवरच्या एका लेखातला प्रश्न मला पटला नाही.

लोणावळ्याजवळच्या कार्ला लेण्यांचंच उदाहरण घ्या. पुण्याहून लोकलने मळवलीला उतरून कितीतरी लोक वर जातात, एकवीरेचं दर्शन घेतात, चैत्यगृहात (बौद्ध प्रार्थनागृहात) दोन फोटो काढतात आणि खाली येतात. छताला दिसणाऱ्या लाकडी कमानी मूळच्या आहेत, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या, हे कुणी बोट दाखवून सांगितल्याशिवाय कळतच नाही. खांबांवर ब्राह्मी या प्राचीन लिपीतले लेख आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) खांब दान दिल्याचा उल्लेख आहे. वैजयंती नगराच्या भूतपाल श्रेष्ठीने (धनिक व्यापाऱ्याने) तर हे जंबुद्वीपातलं, म्हणजे भारतातलं, सर्वोत्तम शैलगृह (डोंगरात कोरलेली वास्तू) असल्याचं कोरून ठेवलंय! जाणकार माणूस ती अक्षरं एकेक करून वाचून दाखवतो तेव्हा अंगावर काटा येतो. पन्नासजणांच्या बसमध्ये हे शक्यच नाही. मागच्यांना ऐकूच येत नाही, आणि प्रश्न विचारायला तर कुणी थांबतच नाही. (आणि कृपा करून लेण्यांत स्पीकर लावू नका.)

नाणेघाटातही तेच. तिथला सातवाहन राणी नागनिकेचा लेख झिजलेला आहे, सांगणारा नसेल तर ती नुसती भिंतच.

खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. विद्यार्थ्यांसाठी आयोजकांनी प्रत्येक सहलीत दोन-तीन जागा सवलतीत ठेवाव्यात, अशी माझी मनापासून विनंती आहे. २०२५ मध्ये लोहगड, राजगड आणि शिवनेरी जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे गर्दी वाढणारच. निदान भाजे-लोहगडला तरी पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळून जा.