‘मुलींना अप्रेंटिसला घालू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

धाकट्या बहिणीने काल एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, हिचा फॉर्म थांबवू का?” भाची आयटीआय फिटर पास झालीय, चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात अप्रेंटिसशिपसाठी अर्ज करतेय. मेसेजचं म्हणणं असं: मुलींना अशा कंपन्यांत घालू नका. सरकारी पैशासाठी त्यांना घेतात, जुळणीच्या लाइनवरचं काम त्यांना झेपत नाही, त्या मुलांच्या जागा खातात, रात्रपाळीला कायद्याची बंदी आहे, मशीनमध्ये बोट गेलं तर एक रुपया मिळत नाही आणि वर्षभराने घरी पाठवतात.

बोटाचं आधी घेते, कारण आईबाप घाबरतात ते याच वाक्याला. मेसेजमध्ये पुराव्यादाखल अप्रेंटिस कायदा, 1961 चं कलम 18 दिलंय: अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, त्याला कामगार कायदे लागू नाहीत. कलम खरं आहे. पण ‘या कायद्यात अन्यथा तरतूद असेल ती सोडून’ अशी त्याची सुरुवात आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमके तेवढेच शब्द गाळलेत. ती तरतूद दोन कलमं अलीकडेच आहे. कलम 16 सांगतं की प्रशिक्षणाच्या कामात, त्या कामामुळे अपघात होऊन इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची, कामगाराच्या भरपाईचा कायदा धरून. कलम 14 प्रमाणे कारखान्यातल्या अप्रेंटिसला आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याणाच्या तरतुदी कामगारासारख्याच लागू होतात. म्हणजे प्रेस मशीनला हात वाचवणारं गार्ड नसेल तर ‘ती शिकाऊ आहे’ हे उत्तर चालणार नाही. कलम 13 नुसार अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसमध्ये ओढता येत नाही. कलम 15 नुसार सरकारी अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही. नगांच्या घाईत आणि थकव्यात हात अडकतात हे कारखान्यात मशीनपाशी उभं राहिलेल्या कुणालाही माहीत आहे. आणि हे सगळं मुलालाही तेवढंच लागू आहे. मग भीती फक्त मुलीच्या आईला का घालता?

ताकदीचा मुद्दा वाचून तर संताप आला. बोल्ट किती आवळायचा हे न्यूटन-मीटरमध्ये ठरलेलं असतं. बोल्ट आवळणारं यंत्र, म्हणजे नटरनर, ठरलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) आपोआप थांबतो, हातातला टॉर्क रेंच टक्‌ करून सांगतो. त्यापुढे जोर लावला तर बोल्ट ताणला जातो आणि तो दोष धरला जातो. इंजिन, गिअरबॉक्सही कुणी खांद्यावर वाहत नाही, त्याला होइस्ट, म्हणजे ओझं उचलणारं यंत्र, असतं. टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारी या गाड्या जुळतात ती लाइन बायका चालवतात. याच कंपनीच्या, तेव्हाच्या टेल्कोच्या, जाहिरातीत 1974 मध्ये ‘मुलींनी अर्ज करू नये’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णींनी (आताच्या सुधा मूर्ती) जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला आणि नोकरीही मिळवली. पन्नास वर्षं झाली त्याला!

सरकारी पैशाचं म्हणाल, तर केंद्राच्या 2016 च्या अप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा (शिकाऊच्या मासिक भत्त्याचा) 25 टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, सरकार देतं. मुलगा घ्या की मुलगी, रक्कम तीच. जागा खाण्याचंही तसंच: तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात, त्यात मुलींचा वेगळा कोटा नाही. कायद्यात राखीव जागा आहेत त्या अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींसाठी. रात्रपाळीबाबत महाराष्ट्राने 2015 मध्येच कारखाने कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर बायकांना परवानगी दिली.

राहिलं वर्षभराने घरी पाठवण्याचं. हे नाइलाजाने मान्य करावं लागतं. कलम 22 प्रमाणे अप्रेंटिसला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. करारात तशी अट असेल तरच आहे. शिकवण्याच्या नावाखाली वर्षभर लाइनवरच्या एकाच जागी उभं करून नंतर नवी बॅच आणणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात. म्हणून सही करण्याआधी करार वाचा, तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला आहे का बघा, त्यात ट्रेड कोणता लिहिलाय ते तपासा. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळणार का, हे स्पष्ट विचारा. आणि कंपनीची बस दुसऱ्या पाळीनंतर मुलींना खोलीच्या दारापर्यंत सोडते की हायवेवर उतरवते, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखादीला विचारून घ्या.