एकच इंजिन म्हणून धोका?

छोट्या विमानांच्या अपघातांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की छोट्या विमानांना एकच इंजिन असतं, ते बंद पडलं की खेळ खलास, म्हणून अपघात होतात. हे काही पटलं नाही बुवा. सेस्ना १७२ या चार सीटच्या छोट्या विमानाचं इंजिन ३००० फुटांवर बंद पडलं तरी ती दगडासारखी खाली येत नाही, सात-आठ किलोमीटर आरामात तरंगत जाते, तेवढ्यात एखादं शेत गाठता येतं. आणि बंद पडण्याची कारणंही बऱ्याचदा साधी असतात, टाकीतलं पेट्रोल संपलेलं किंवा कार्ब्युरेटरमध्ये (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बर्फ धरलेला (हो, दमट हवेत २०-२५ डिग्रीलासुद्धा धरतो!).

खरा घात हवामानाचा आणि लेखात त्याला जेमतेम एक ओळ. जॉन केनेडी ज्युनियर (अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा) १९९९ च्या जुलैत स्वतः विमान चालवताना गेला, ती पायपर साराटोगा पण सिंगल इंजिनच, पण तपासात इंजिनात काहीच दोष सापडला नाही, रात्रीची वेळ, खाली समुद्र, हवा धुरकट, क्षितिज दिसेना आणि त्याच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना फक्त मीटर बघून उडवायचा परवाना) नव्हतं, दिशेचं भानच सुटलं. मी अमेरिकेत विमान चालवायला शिकत असताना इन्स्ट्रक्टर डोळे मिटायला लावून हळूच विमान कलंडवायचा, अंग शपथेवर सांगतं की आपण सरळ चाललोय आणि डोळे उघडून मीटर बघावा तर पंख भलताच तिरका! दोन इंजिनं असती तरी तिथे काय उपयोग? पुढच्या भागात यावर लिहा आणि जमलं तर लँडिंगआधीच्या शेवटच्या वळणावर स्पीड कमी होऊन होणाऱ्या स्टॉलवरही (पंखांची उचलच जाऊन विमान खाली येतं तो), तिथे सावरायला उंचीच उरलेली नसते.